जपानी गाडी आणि मिस्त्रींचा कान

ती गाडी आम्हाला जुन्नर तालुक्यातल्या मढला सापडली, आणि सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या कुणा हौशी माणसानं ती परदेशी वकिलातीच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात घेतली होती. माळशेज घाटात ती बंद पडली, तेव्हा "दोन दिवसांत घेऊन जातो" असं सांगून त्यानं ती एका शेतकऱ्याच्या छपरात ढकलून ठेवली. ते दोन दिवस काही संपले नाहीत. पुढं तो माणूसही गेला. गाडी बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी. बॉनेट उचललं तर आत शेजारी शेजारी दोन कार्बोरेटर. मी त्याआधी एका इंजिनावर दोन कार्बोरेटर कधी पाहिले नव्हते.

आम्ही तिघं होतो. माझं नारायणगावात लेथचं दुकान. पंपाचे शाफ्ट आणि बुश करून देणं हा धंदा. दुसरे शेठ. त्यांचं जुन्नरच्या पेठेत स्पेअर पार्टचं दुकान. आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. तिसरा बोरी बुद्रुकचा बागाईतदार. द्राक्षांच्या बागेतून सवड मिळाली की तो काहीतरी खोलून बसायचा. एकदा चालू असलेला रेडिओ "आणखी चांगला" करायला गेला आणि कायमचा बंद करून आला. तिघांनाही जुन्या जपानी गाड्यांचं वेड होतं. रद्दीतून मासिकं मिळवायची, चित्रं बघायची, सिलिंडर किती आणि वेग किती यावर भांडायचं, एवढंच आमचं वेड. प्रत्यक्षात एकाही गाडीला हात लागलेला नव्हता. मुंबईत त्या माणसाच्या मुलीला गाठून आम्ही रीतसर कागद करून घेतले आणि गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून बोरीला आणली. त्या दिवशी बागाईतदाराच्या आईनं गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "ही चालायची का नुसती बघायची?"

ती चालावी म्हणून आम्ही मिस्त्रींना आणलं.

मिस्त्री मूळचे तळेघरचे. वर भीमाशंकराच्या अंगाला, भात आणि नाचणीचा मुलूख. लहानपणी डोंगर उतरून मंचरला आले आणि एका गॅरेजात चिकटले, ते साठी आली तरी तिथंच. अख्ख्या आंबेगाव तालुक्यातल्या जीप आणि ट्रक त्यांच्या हाताखालून गेले असतील. त्यांची एक पद्धत होती. इंजिन चालू करायचं, लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला. डोळे मिटायचे. मग सांगायचे, "तिसऱ्याचा व्हॉल्व्ह." खोलून बघावं तर तिसऱ्याचाच. काम संपलं की हात पुसून ते फडकं बॉनेटच्या कडीला लटकवायचे. मिस्त्रींचं फडकं लागलं की त्या इंजिनाला दुसऱ्यानं पाना लावायचा नाही, हा मंचरच्या गॅरेजांतला अलिखित कायदा होता. मालकसुद्धा पाळायचा.

पण आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा मालकाचा मुलगा गल्ल्यावर बसला होता आणि नव्या गाड्या यायला लागल्या होत्या. त्यानं मिस्त्रींना ग्रीसिंगच्या खड्ड्यात उतरवलं होतं. कारण सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. मिस्त्रींना ऐकू कमी येत होतं.

बागाईतदारानं त्यांना बोरीला आणून गाडी दाखवली आणि शब्द दिला. गाडी उभी राहिली, पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात जाऊन आली, की बोरीच्या शेडमध्ये कायमचं वर्कशॉप काढायचं. पुण्याचे हौशी लोक जुन्या गाड्यांना मिस्त्री शोधत फिरतातच, ते इथं येतील. शेड त्याचं, पार्ट शेठचे, लेथ माझा आणि गादी मिस्त्रींची. मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "ही पुण्याला जाऊन आली तर मी मिस्त्री. न्हाई तर वर जाऊन भात लावीन." ते हे हसत म्हणाले, पण त्यांनी मंचरची खोली त्याच आठवड्यात सोडली आणि शेडमध्ये वळकटी आणून टाकली. तेव्हा मला कळलं की हा माणूस परतीचा रस्ता बंद करून आलाय.

दीड वर्ष आम्ही रविवारचे रविवार त्या शेडमध्ये घातले. शेठ जैन, सूर्यास्तानंतर जेवत नसत, म्हणून काम उन्हं कलली की थांबायचं. त्यांचा डबा उघडला की आमचे पाने खाली. शेठनं मुंबईच्या भंगारबाजारात ओळखी काढून पिस्टन रिंगा मिळवल्या. मी बुश वळले, ब्रेकचे सिलिंडर घासले, पॅकिंग कातरीनं कापली. पत्र्याला भोकं इतकी होती की बागाईतदार म्हणायचा, "राव, ह्याच्यातनं तर पीठ चाळता येईल." रंग मूळचाच दिला, पिकल्या लिंबाचा पिवळा. दसऱ्याला तिला शेडबाहेर काढून झेंडू घातले, तर अर्धी बोरी बघायला लोटली. पुण्याहून दोन हौशी गृहस्थ मोटारसायकलवर येऊन गेले. त्यांनी मेळाव्याचं निमंत्रण दिलं आणि जाताना मिस्त्रींना विचारलं, "आमच्याही गाड्या कराल ना?" मिस्त्री म्हणाले, "व्हय, पाणी बरं हाय औंदा." आम्ही तिघं हसून मान डोलावली, जणू काही त्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं.

असं आम्ही सारखं करत होतो. ते भलतंच उत्तर द्यायचे, आम्ही त्या उत्तराला जुळेल असा दुसरा प्रश्न शोधायचो. आम्हाला वाटायचं, आपण किती समजूतदार. एकदा कार्बोरेटर धुताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "भाऊ, खरं सांग. माझं ऐकणं लई कमी झालंय का?" मी त्यांच्यासमोर जाऊन मोठ्यानं म्हणालो, "छे हो मिस्त्री! काहीतरीच." शेठनंही मान हलवली. बागाईतदार म्हणाला, "तुमचा कान म्हंजे कान हाय." मिस्त्रींनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पुन्हा कार्बोरेटरमध्ये डोकं घातलं.

मेळाव्याच्या आधीच्या शुक्रवारी त्यांनी गाडी सेटिंगला लावली. त्या कार्बोरेटरांना खाली एक षटकोनी नट असतो. तो वर फिरवला की पेट्रोल कमी, खाली फिरवला की जास्त. आणि हे फक्त उभ्या गाडीपुरतं नाही. चढाला, वेगात, सगळीकडे त्या नटाचंच राज्य. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला. कानाला लावला, काढला. मग त्यांनी त्याची लाकडी मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. असे ते पाऊण तास उभे होते, मूठ दातांत, दोन्ही हात खाली नटांवर. मला ते बघवेना. वाटलं, कानानं दगा दिला म्हणून माणूस आता काहीही करून बघतोय. बागाईतदारानं तोंड फिरवलं. शेवटी मिस्त्रींनी हात पुसले आणि फडकं बॉनेटच्या कडीला लटकवलं.

शनिवारी दुपारी मी नंबरप्लेट बसवायला शेडवर गेलो. मिस्त्री न्हाव्याकडे गेले होते. मी गाडी चालू केली. सायलेन्सरच्या तोंडाशी काळा थर होता आणि पेट्रोलचा किंचित वास. म्हणजे पेट्रोल जास्त. माझ्या कानाला इंजिनाचा जडपणा स्पष्ट ऐकू येत होता. त्यांना आला नसेल. पुण्याच्या मैदानात लोकांसमोर गाडीनं काळा धूर सोडला तर मिस्त्रींचं काय होईल, हे डोळ्यांसमोर आलं. मी फडकं बाजूला केलं, दोन्ही नट एकेक बाजू वर फिरवले, फक्त एक बाजू, म्हणजे एका फेऱ्याचा सहावा हिस्सा. फडकं होतं तसं लटकवलं. त्यांना सांगितलं असतं तर त्यांच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं की तुमचा कान गेला. ते मला करायचं नव्हतं. मी चोरासारखा बाहेर पडलो, पण मनातून आपण काही पुण्यकर्म केल्यासारखं वाटत होतं.

रविवारी सकाळी निघालो. गाडी बागाईतदार चालवत होता, शेजारी मिस्त्री, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात. मागं शेठच्या जीपमध्ये शेठ आणि मी. नारायणगाव, कळंब, मंचर. मंचरला जुन्या गॅरेजसमोरून जाताना मिस्त्रींनी हात बाहेर काढून कुणाला तरी केला. मंचर सोडलं की अवसरीचा घाट चढावा लागतो. निम्म्या चढावर पिवळी गाडी मंदावली. जीपपर्यंत खडखड ऐकू येत होती. मला वाटलं, आता थांबवेल, आता थांबवेल. बागाईतदार थांबला नाही. त्यानं उलट पाय दाबला. मग मागून धुराचा लोट आला आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. हात भाजत असताना प्लग काढले. चारही प्लग चुन्यासारखे पांढरे फटक. प्लगच्या जागेतून आत बॅटरी मारली, तर दुसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडलं होतं. हे कशानं होतं ते गॅरेजमधल्या कुणालाही सांगता येतं. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आतून जळतं.

मिस्त्री त्या सिलिंडरचा प्लग तळहातावर घेऊन बघत राहिले. रस्त्यावरची एसटी मंदावली होती, लोक खिडकीतून बघत होते. ते आम्हाला म्हणाले, "पेट्रोल कमी लावलं मी. ऐकूच आलं न्हाई. माझाच हात हाय ह्यो."

माझ्या मनात काय चाललं होतं ते मी लपवत नाही. मला वाटलं, माझ्या एका बाजूनं पिस्टनला भोक पडणं शक्यच नाही. म्हणजे मिस्त्रींनीच आधी पेट्रोल फार कमी लावलं असणार, आणि सायलेन्सरचा तो काळा थर जुना असणार. आता मध्येच आपली एक बाजू सांगून काय मिळणार? उगाच त्यांना कळेल की आपण फडकं बाजूला केलं होतं. मी म्हणालो, "असू द्या मिस्त्री, होतं असं." शेठ म्हणाले, "यंत्र आहे." बागाईतदार ट्रॉली बघायला खाली निघाला.

गाडी ट्रॉलीतून परत आली. तिसऱ्या दिवशी शेडवर गेलो तर वळकटी नव्हती. मिस्त्री वर तळेघरला निघून गेले होते. हत्यारांची पेटी बागाईतदाराच्या आईपाशी ठेवली होती आणि त्या लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरवर फडकं गुंडाळलेलं होतं. पुण्याच्या त्या गृहस्थांचा फोन आला, तेव्हा बागाईतदारानं सांगितलं की वर्कशॉपचा विचार सोडला. ती पिवळी गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. रविवारी मी घरी बसायला लागलो, आणि बायको म्हणायला लागली, "हल्ली तुम्ही कुणाशी धड बोलत नाही." तिला काय सांगणार होतो?

भादव्यात शेठचं पर्युषण संपलं. संवत्सरीनंतर ते दरवर्षी आमच्याकडे यायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "मिच्छामि दुक्कडम. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा करा." आम्हीही हसून हात जोडायचो. त्या वर्षी ते माझ्या दुकानात आले तेव्हा बागाईतदार तिथंच बसला होता, पंपाचा शाफ्ट घेऊन आलेला. शेठनं हात जोडले, पण नेहमीचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी त्या शनिवारी संध्याकाळी शेडवर गेलो होतो. गाडी जड चाललीय असं वाटलं. मिस्त्रींना ऐकू आलं नसेल म्हणून मी दोन्ही नट एकेक बाजू वर घेतले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. पण आठ दिवस उपास करूनही ते पोटातून जाईना."

लेथ चालू होता. मी तो बंद केला.

बागाईतदार म्हणाला, "मी त्याच शनवारी सकाळी. पंप चालू करायला आलो तवा. मी बी एकच बाजू." घाटात खडखड ऐकूनही तो का थांबला नाही, तेही त्यानं सांगितलं. थांबवून नट बघितला असता तर मिस्त्रींना कळलं असतं की कुणीतरी हात लावलाय.

मग मी माझं सांगितलं.

सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. तीन बाजू म्हणजे अर्धा फेरा. तिघंही एकमेकांकडे बघेनात. तिघांनी मिळून एका माणसाचा हात मोडला होता, आणि तोही त्याला दुखू नये म्हणून. बागाईतदाराला रडू फुटलं. मला संताप आला, स्वतःचा, आणि खरं सांगायचं तर त्या दोघांचाही, कारण तोवर मी मनातल्या मनात मिस्त्रींना दोष देऊन सुखी होतो.

नवीन पिस्टन मिळवायला दीड महिना गेला. इंजिन बांधलं आणि दोन्ही नट तीन बाजू खाली घेतले, मिस्त्रींनी ठेवले होते तिथं. बागाईतदार गाडी घेऊन अवसरीच्या घाटात गेला. गाडी चढावर एकदाही अडखळली नाही. सपाटीला जो जडपणा आम्हाला दोष वाटला होता, तो त्यांनी चढासाठी ठेवला होता. त्या सुमाराला मी माझ्या आईला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. मी सहज मिस्त्रींच्या दातांतल्या मुठीचं विचारलं, तर ते म्हणाले की काहींचा पडदा जातो, पण हाडातून आवाज पोचतो, दातातून तर चांगलाच पोचतो. मिस्त्रींना इंजिनाचं सगळं ऐकू येत होतं. आम्ही बोललेलं तेवढं येत नव्हतं.

भातकापणीच्या दिवसांत आम्ही तिघं तळेघरला गेलो. मी पिवळी गाडी चालवत, ते दोघं जीपमध्ये. घोडेगाव सोडल्यावर वर वर चढत गेलो, आणि प्रत्येक वळणावर इंजिन इतकं गोड चालत होतं की मला अवसरीची खडखड आठवत होती. मिस्त्री खाचरात होते, हातात विळा. सहा-आठ महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. गाडी बघून बांधावर आले. आधी आमच्याकडे नाही, गाडीकडे गेले आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

मी इंजिन चालू ठेवलं होतं. त्यांना त्यांचा स्क्रूड्रायव्हर दिला. त्यांनी फडकं सोडलं, टोक टेकवलं, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. आसपासच्या खाचरांतली माणसं कापणी थांबवून बघायला लागली. बऱ्याच वेळानं त्यांनी मूठ काढली.

"झ्याक लावलीय. चढाचं ध्यान ठेवून लावलीय. कोण मिस्त्री गावला?"

मी त्यांच्याकडे बोट केलं. मग मोठ्यानं सगळं सांगितलं. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं करून सांगितलं. नट फिरवल्याची खूण केली. तुमची सेटिंग बरोबर होती, आम्ही बिघडवली, आम्ही तिघांनी. मी इतका ओरडत होतो की पलीकडच्या वाडीत ऐकू गेलं असेल. शेठनं वाकून हात जोडले. बागाईतदारानं त्यांचे पाय धरले, आणि म्हणाला, "चला मिस्त्री, शेड तुमचंच हाय."

मिस्त्रींना कळलं. शब्द नसतील, पण सगळं कळलं. ते एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत गेले. त्यांचे डोळे भरले होते, आणि मला क्षणभर वाटलं, सुटलो.

"लई चांगली माणसं हाईत तुमी," ते म्हणाले. "येवढ्या लांब आलात. गाडी कुणी बी लावू द्या, नाव माझं सांगताय."

"नाही मिस्त्री, खरंच—"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. अगदी मायेनं थांबवलं.

"भाऊ, शेडमधी मी तुला ईचारलं व्हतं. माझं ऐकणं कमी झालंय का म्हणून. तिघंबी तिथंच व्हता. काय म्हणला व्हता तुमी?"

शेठ खाली बघत होते. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरवर फडकं पुन्हा नीट गुंडाळलं, माझ्या हातात दिला आणि विळा उचलून खाचरात उतरले. मी इंजिन बंद करायचं विसरलो होतो. ते मागं चालूच होतं, त्यांनी लावलं होतं तसं.